चाचीच्या वजनाची चेन

"पण चाचा, या तिघांतली कुठली बसवू? एवढंच सांगा की."

दस्तगीर मिस्त्री लिंबाखालच्या बाजेवर बसून लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

समोर फरशीवर तीन खोकी ओळीनं मांडलेली. तिन्हीत मोटारसायकलचा चेनसेट, म्हणजे एक चेन आणि दात्यांची दोन चाकं. एक सेट गाडीच्या मूळ कंपनीचा. दुसरा बाहेरच्या कंपनीचा, पुण्याहून मागवलेला, खोक्यावर सोनेरी अक्षरं. तिसरा विट्याच्या दुकानदारानं "हा घ्या डॉक्टर, विसरून जाल" असं म्हणून गळ्यात मारलेला.

"चाचा…"

"ऐकतुय."

एवढंच. पुन्हा लसूण.

विचारणारा होता दिगंबर खिलारे. माणदेशातल्या अकरा गावांत त्याला डॉक्टर म्हणत. पदवीचा डॉक्टर नव्हे; दूध संस्थेनं नेमलेला, गाईंचं कृत्रिम रेतन करणारा माणूस. गाय माजावर आली की याला फोन. हा गोठवलेल्या वीर्याच्या कांड्यांचा द्रव नायट्रोजनचा जार गाडीला बांधणार आणि सुटणार. माज असतो काही तासांचा. तेवढ्यात पोचला तर ठीक, नाहीतर गाय पुन्हा माजावर येईपर्यंत एकवीस दिवस हात चोळत बसा.

अशा माणसाची गाडी बंद पडून चालत नाही. आणि दिगंबरची गाडी वर्षात तीनदा बंद पडली होती. तिन्ही वेळा चेन.

तिसऱ्यांदा तुटली ती मंगळवारी, माळेवाडीच्या चढाला. कौसाबाईची एकुलती गाय. हा दोन कोस गाडी ढकलत पोचला तेव्हा माज उतरलेला. कौसाबाई त्याला वाईटसाईट काही बोलली नाही. "राहू द्या डॉक्टर, पुढच्या बारीला बघू," म्हणाली आणि त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं दिगंबरला परतताना सारखं वाटत राहिलं.

संस्थेचे चेअरमन श्रीपती आबा मात्र स्पष्ट बोलले. आणखी एकदा चुकलं, की लांबची चार गावं ठोंबरे बाईंकडं. या ठोंबरे बाई नव्या, गेल्या वर्षी शिकून आलेल्या. कामाला चांगल्या होत्या. पण दिगंबरनं नऊ वर्षं अकरा गावं एकट्यानं रेटली होती. त्यातली चार काढून घेणं म्हणजे भर चावडीत टोपी उडवल्यासारखं होतं.

म्हणून तो आज सकाळीच गाडी भाड्याच्या टेम्पोत घालून मिस्त्रींच्या दारात आला होता. जार आणि पोतीही बरोबर घेतली होती. इथूनच कामावर निघायचं, चेन बसवल्याशिवाय उठायचं नाही आणि एकही गाव सोडायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलेलं.

मिस्त्रींचं गॅरेज बंद होऊन सहा वर्षं झाली होती. तरी तीन तालुक्यांतून लोक घरी यायचे. मिस्त्रींची एक रीत होती. दुसऱ्याच्या गाडीला ते पाना लावत नसत. "हात तुझं, बघणं माझं," म्हणायचे. दिगंबरला ही रीत फार पसंत होती. एका गॅरेजवाल्यानं नव्या पार्टचं सांगून जुनाच बसवल्यापासून त्यानं कुणाला गाडीला हात लावू दिला नव्हता. सगळं मोबाईलवर बघून बघून शिकला होता. आणि शिकला होता तेही चांगलंच, खोटं कशाला बोला.

"चाचा, मूळ कंपनीचा बसवू का? का हा बाहेरचा? लोक म्हणतात याचं पोलाद…"

"मयत कुठाय?"

"आँ?"

"आधी मयत दाखव. वारस मागनं बघू."

दिगंबरला कळायला वेळ लागला. मग त्यानं टेम्पोतून एक पोतं आणलं आणि मंगळवारी तुटलेली चेन, दात्यांच्या दोन्ही चाकांसकट, फरशीवर ओतली.

"ही एकच?"

"आधीच्या दोन भंगारात घातल्या."

"न बघता?"

"तुटल्याली चेन काय बघायची चाचा…"

मिस्त्रींनी लसणाचं ताट बाजूला सारलं. वाकून लहान चाक उचललं, उन्हात धरलं. दाते झिजून मांजराच्या नखांसारखे एका बाजूला वळलेले. मग चेनीची एक कडी चिमटीत धरून उघडझाप केली. बोटाला तांबडी पूड लागली.

"किती चालली?"

"चार हजार किलोमीटर."

"चालायला पाहिजे होती किती?"

"वीस हजार तरी."

मिस्त्रींनी बोटावरची पूड बाजेला पुसली.

"हलकाच माल की चाचा. दुसरं काय."

"लहान स्पॉकेट बसतं त्या झाकणाखाली बोट घाल."

दिगंबरनं घातलं. बोट तेलानं काळं होऊन बाहेर आलं.

"हे काय?"

"तेल अडवणारं सील गेलंय."

"का गेलं?"

"तेबी हलकंच निघालं असणार."

मिस्त्री हसले. आवाज न करता, नुसतं पोट हलवून.

"चेन हलकी, स्पॉकेट हलकं, सील हलकं. सगळ्या कारखान्यांनी मिळून तुलाच गाठलंय व्हय रं डॉक्टर?"

दिगंबरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गाडीच्या बाबतीत त्याला कुणी असं बोललं नव्हतं. उलट चार गावची पोरं आपल्या गाड्या त्याच्याकडं घेऊन यायची.

"चाचा, मी दर रविवारी चेनीचा ताण बघतो. दर रविवारी. एक खाडा न्हाई. गाडी मधल्या स्टँडला लावतो. जार उतरवून आत ठेवतो, त्याला हिसका बसलेला चालत न्हाई. पोती उतरवतो. गाडी धुतो, पुसतो. मग चेन धुतो, तेल देतो, आणि मग ताण लावतो. गॅरेजवाला तरी करतो का एवढं?"

"न्हाई करत."

"मग?"

"कसली पोती?"

"खनिज मिश्रणाची. जनावरांना खायला. संस्था देते, गावोगाव टाकत जातो. रोज दोन असत्यात."

"केवढी?"

"पंचवीस किलोची एक."

मिस्त्रींनी मान हलवली. वर लिंबात एक होला घुमत होता…

"बसव चेन. दाखव मला तुझा रविवार."

"कुठली बसवू?"

"हाताला येईल ती."

आता मात्र दिगंबरचं डोकं सणकलं. चाळीस किलोमीटर गाडी टेम्पोत घालून आणायची, ती हाताला येईल ती चेन बसवायला? पण त्याचा स्वभाव असा, की डिवचलं की तो बोलायचा बंद होतो आणि कामाला लागतो. त्यानं हात मागं नेला, एक खोकं ओढलं, फाडलं. कॅनव्हासची गुंडाळी सोडली. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले. शेवटी एक लांब, चकचकीत टॉर्क रेंच, नट नेमका किती जोरानं आवळला ते दाखवणारा.

"झकास हाय," मिस्त्री म्हणाले. "हे काय सांगतं?"

"नट किती आवळला ते."

"आवळायला पाहिजे होता का, ते?"

दिगंबरनं रेंच फरशीवर ठेवला.

त्यानं गाडी मधल्या स्टँडला चढवली. मागचं चाक अधांतरी. चाक काढलं, दात्यांचं मोठं चाक बसवलं. पुढचं झाकण खोलून लहान बसवलं. नवी चेन ओवली, कडी लावली, कडीची क्लिप उलटी बसत नाही ना ते दोनदा बघितलं. पाऊण तासात सगळं जागेवर. एक वायसर इकडचा तिकडं नाही. मिस्त्री बघत होते, आणि मनातून त्यांना हे पोरगं आवडायला लागलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसतही होतं. दिगंबरनं तिकडं बघितलंच नाही.

शेवटी ताण. त्यानं दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या केल्या, चेनीखाली बोट घातलं, वर दाबलं. जरा हलली. त्यानं आणखी पाव फेरा आवळला. मग चाक गरकन फिरवलं.

"ऐका."

"काय ऐकू?"

"तेच. काय ऐकू येतंय का?"

"काहीच न्हाई."

"हां." दिगंबरनं कपाळावरचा घाम पुसला. "अकरा गावांत कुणाच्या गाडीची चेन अशी गप चालत न्हाई."

मिस्त्रींनी घराकडं तोंड करून हाक मारली.

"हमीदा, ये जरा भाईर. काम हाय."

आतून चाची आल्या. पदराला हात पुसत. गाडीकडं बघितलं, दिगंबरकडं बघितलं, आणि काही न विचारता चपला काढून ठेवल्या, पदर खोचला.

"गाडी खाली घे," मिस्त्री म्हणाले. "आणि धरून ठेव."

दिगंबरनं गाडी स्टँडवरून उतरवली, हँडल धरून उभा राहिला. मिस्त्रींनी लुंगी सावरली, टांग टाकली आणि पुढं बसले. त्यांच्या खांद्याला धरून चाची मागं एका अंगाला पाय सोडून बसल्या. गाडी दोघांच्या वजनानं मागून खाली बसली.

लिंबाखाली, न चालणाऱ्या गाडीवर, नवरा-बायको दोघं गंभीरपणे समोर बघत बसले. दिगंबरला हसावं का रडावं कळेना.

"अडतीस वर्षं," मिस्त्री म्हणाले, "गॅरेजातली एकूण एक चेन हिच्या वजनावर ताणलीय. लोक म्हणायचे, मिस्त्री रोज बायकोला फिरवतो."

"फिरवलं कवा?" चाची मागून म्हणाल्या. "अडतीस वर्षं नुसती बसली. बाजारापातूरबी गेली न्हाई गाडी."

"हलू नगंस."

"मी कवा हलले?"

"डॉक्टर, मी पाय टेकलेत. हँडल सोड आता. इकडं ये." मिस्त्रींनी मागं न बघता अंगठ्यानं खूण केली. "ही तुझी दोन पोती समज. मी म्हणजे तू. चेनीला बोट लाव."

"दोन पोती कुणाला म्हणता?" चाची म्हणाल्या. पण हलल्या नाहीत.

दिगंबर उकिडवा बसला. चेनीखाली बोट घातलं, वर दाबलं.

चेन हलली नाही.

त्यानं अंगठा लावला, जोर केला. गज दाबावा तशी. केसभर नाही…

त्यानं पुन्हा दाबली. मग गुडघे टेकून, मान वाकडी करून, चेनीकडं नुसतं बघत राहिला.

 

"पण…" दिगंबर म्हणाला. "आत्ता तर हलत होती. स्टँडवर."

"व्हय."

"दर रविवारी हलायची."

"रविवारी गाडीवर कोण बसायचं?"

दिगंबरच्या तोंडात मारल्यासारखं झालं. जार आत असायचा, कापडात गुंडाळून, खोलीच्या कोपऱ्यात. पोती पडवीत. आणि तो स्वतः गाडीच्या बाजूला, हातात फडकं घेऊन. गाडी धुतलेली, पुसलेली आणि रिकामी. सोमवारी सकाळी त्याच गाडीवर एक माणूस, दोन पोती, जार, आणि माळेवाडीचा चढ. वजनानं गाडी मागून बसली की चेन आणखी ओढली जायची; सीलही त्याच ओढीनं गेलेलं. वर्षभर त्यानं स्वतःच्या हातानं, नेमानं, एकही खाडा न करता, तीन चेनी मारल्या होत्या. आणि शिव्या कारखान्यांना दिल्या होत्या. कौसाबाईचा पाण्याचा तांब्या त्याला पुन्हा आठवला, आणि त्याला मनापासून लाज वाटली.

तो उठला. रडकुंडीला आला होता, पण पाना हातातच होता.

"उतरू नका," म्हणाला. "बसूनच ऱ्हावा दोघं."

मागच्या चाकाचा नट सैल केला. ताण सोडला. पाव फेरा. अर्धा फेरा. बोटानं दाबून बघितलं. पुन्हा सोडला.

"आता बघा चाचा."

"मी कशाला बघू? चाक जरा फिरव आणि दुसऱ्या जागी दाब. सगळीकडं चेन सारखी नसती."

त्यानं गाडी वीतभर पुढं ढकलली, दोघांसकट. दाबली. तिथं घट्ट. पुन्हा सोडली. पुन्हा ढकलली. असं करत करत गाडी लिंबापासून पार न्हाणीच्या दगडापर्यंत गेली.

"आज लई लांब आणलंत," चाची म्हणाल्या.

तासाभरानं चेन सगळीकडं, वजन असतानाही, बोटभर हलू लागली. दिगंबरनं नट आवळला, टॉर्क रेंचनं, नेमका. दोघं उतरले. चाची चहा टाकायला आत गेल्या. त्यानं गाडी पुन्हा मधल्या स्टँडला लावली आणि त्याला ते बघवेना. रिकाम्या गाडीवर चेन चांगली खाली झोल देऊन लोंबत होती. नवशिक्यानं बसवल्यासारखी.

त्यानं चाक फिरवलं.

कट्… कट्… कट्…

हलकाच आवाज. पण होता.

त्याचा हात आपसूक पान्याकडं गेला. थोडासाच ताण. पाव फेरा. कोण बघतंय…

मिस्त्री बघत होते. 

दिगंबरनं हात मागं घेतला. पाने एकेक करून पुसले, गुंडाळीत घातले, गुंडाळीची गाठ मारली.

"हा आवाज असाच येणार?"

"गाडी रिकामी असल्यावर."

"लोक ऐकतील."

"ऐकू देत."

"आणि सील?"

"येत्या आठवड्यात बदल. तोवर रोज तेल बघत जा. ती दोन खोकी परत कर."

तेव्हा कुठं दिगंबरनं फाटलेल्या खोक्याकडं बघितलं, आपण बसवली तरी कुठली. विट्याच्या दुकानदारानं गळ्यात मारलेली होती. मिस्त्रींचं पोट पुन्हा एकदा हललं.

चहा आला. पहिला घोट घेतोय तोच दिगंबरचा फोन वाजला. श्रीपती आबा.

आबांचा आवाज इतका खणखणीत, की लिंबाखाली सगळ्यांना ऐकू आलं. वाघदऱ्याला एक गाय, काल संध्याकाळपासून माजावर. ढगेवाडीला दुसरी, तीही तशीच. दोन्हीकडं दोनच्या आत पोचायला हवं. वाघदरा पूर्वेला, ढगेवाडी पश्चिमेला. मधे अठ्ठावीस किलोमीटरचा खडकाळ रस्ता. आणि आत्ता वाजलेत साडेबारा.

"जमतंय का दिगंबर? जमत नसंल तर तसं सांग. ढगेवाडीला ठोंबरे बाईस्नी पाठवतो. पर मग ती चार गावं तिकडंच जाणार, आधीच सांगितलंय तुला."

"जमतं" हा शब्द दिगंबरच्या ओठावर तयार असायचा. नऊ वर्षांत समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तो बाहेर पडायचा. वादळ असो, ताप असो, घरात लग्न असो. जमतं. आत्ताही तो तोंडात आलाच होता.

दिगंबरनं हिशेब केला. वाघदऱ्याला एक वाजून दहा मिनिटं. तिथलं काम पाऊण तासाचं. जनावर धरायला माणसं जमवण्यातच अर्धा तास जातो. म्हणजे तिथंच दोन. मग ढगेवाडी. गाडी कितीही पिळली तरी तिथली गाय चुकणार होती. हे त्याला नऊ वर्षांपूर्वीही मोजता आलं असतं.

"दिगंबर? हाईस का?"

त्यानं फोन कानापासून लांब धरला. मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री बशीतला चहा फुंकत होते…

त्यानं फोन परत कानाला लावला.

"आबा, ढगेवाडी बाईस्नी द्या. आत्ता लगेच फोन करा त्यांना, म्हणजे दीडपातूर पोचतील. त्या गाईला मागच्या बारीला त्रास झाला होता, तेवढं सांगा. मी वाघदऱ्याला निघालो."

आबा पलीकडं खाकरले.

"आजच्यापुरतं म्हणतोस?"

दिगंबरनं चहाचा कप खाली ठेवला.

"न्हाई. चारी गावं द्या त्यांना. तिकडच्या नोंदवह्या उद्या मी स्वतः नेऊन देतो. कुठली गाय कशी हाय ते समजावून सांगतो."

"बरं, बरं," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

दिगंबर चटकन उठला. टेम्पोतून जार आणला, मागच्या जाळीत ठेवला, पट्टे आवळले. दोन्ही पोती चढवली. मिस्त्रींच्या पाया पडला, चाचींच्या पडला. टांग टाकून गाडीवर बसला. चेनीचा झोल त्याच्या वजनानं बेतानं वर आला, आणि किक मारून गाडी जरा पुढं घेतली तर आवाज येत नव्हता.

तरी तो निघेना. हँडल धरून तसाच बसला. शिकलेला, कष्टाळू, मानी माणूस. पण डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही तो लाजत होता.

"चाचा…"

"बोल."

"नऊ वर्षं अकरा गावं केली. एकट्यानं. आज माझ्याच तोंडानं चार सोडली." त्यानं जारचा पट्टा उगाच ओढून बघितला. "मी हरलो म्हणायचं का?"

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. सूर्य कुठवर आलाय ते बघितलं.

"दोन गाई हाईत नव्हं? आज दोघींचीबी येळ साधतीय?"

"व्हय."

"दोघींनाबी विचारून ये."